बारीक अक्षर दिसेनासं होईपर्यंत

दि. ३ जून

तीर्थरूप आईंस,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. तुमची नात दोन बोटं उंच झाली, हिचा खोकला गेला, आणि मी अजून त्याच खुर्चीत बसून त्याच वर्तमानपत्राची प्रुफं वाचतो आहे. तिकडे ऊन कसं आहे? इथे दुपारी गॅलरीच्या कठड्याला हात लावता येत नाही.

अक्षर एवढं मोठं का, असं म्हणाल. कचेरीतल्या फलकावर लिहायचा जाड काळा पेन चुकून खिशातून घरी आला, तो संपवावा म्हणून त्यानेच लिहितो आहे. एका पानावर दहाच ओळी मावतात. त्यामुळे पाकीट पाहून घाबरू नका. पानांवर आकडे घातले आहेत.

मुख्य बातमी ही की मी चहा केला. तुमचा. उन्हातला.

हसू नका. चहा म्हणजे उकळलाच पाहिजे, या मताचा मी माणूस. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या गॅलरीत ती पाच लिटरची बरणी पहिल्यांदा पाहिली, आत कापडाची पुरचुंडी लोंबकळत होती, तेव्हा मी हिच्या कानात म्हणालो होतो, “चहा करतायत की चहाला आंघोळ घालतायत?” ते तुम्हाला ऐकू गेलं होतं, हे मला सात वर्षांनी कळलं. त्या दिवशी तुम्ही ग्लास माझ्यापुढे जरा जोरात ठेवलात, एवढंच. आणि पहिल्या घोटानंतर मी तो एका दमात संपवला. कडवटपणा नावाला नाही, घशाला ओरखडा नाही, आणि चहाचा सगळा वास मात्र जागच्या जागी. आग न पेटवता तुम्ही चहातून एवढं काढलंत याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं आणि आजही वाटतं.

तर तुम्ही शिकवलं तसंच सगळं केलं. बरणी उकळत्या पाण्याने धुतली, पालथी घातली आणि पूर्ण वाळेपर्यंत तिला हात लावला नाही. धुण्यात आळस केला की चहाला तार सुटते आणि सगळा ओतून द्यावा लागतो, हे तुम्ही मला ओरडूनच शिकवलं होतं. पाणी गाळलेलं, चहापत्ती मोजून, पुरचुंडी सैल, कारण “पानांना पसरायला जागा नको का? तुम्हाला कोंबून बसवलं तर तुम्ही काम कराल?” साखर वेगळी विरघळवून बाटलीत. गार पाण्यात साखर तळाशी रुसून बसते, हेही तुमचंच वाक्य.

आणि मग बरणीमागे वर्तमानपत्र धरलं.

ही युक्ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. मथळा वाचता यावा आणि खालची बारीक बातमी वाचता येऊ नये, की चहा झाला. त्याआधी काढला तर पाणी, नंतर काढला तर कडू. मी एकदा शहाणपणा करून विचारलं होतं, की सरळ घड्याळ का लावत नाही. तुम्ही म्हणालात, “घड्याळाला काय माहीत आज ढग किती आहेत ते?” मी कानाला खडा लावला.

कापडाच्या कारखान्यात तीस वर्षं तुम्ही तपासणीच्या टेबलाशी उभ्या होतात. दिव्यावरून सरकत जाणाऱ्या कापडातला एक तुटका धागा तुम्ही चालत्या यंत्रावर पकडायचात. निवृत्तीच्या दिवशी तुमचे साहेब म्हणाले होते, “बाई घरी चालल्या त्याचं काही नाही, त्यांचे डोळे इथे ठेवून जा म्हणावं.” हे तुम्ही वर्षातून चार वेळा सांगता आणि मी चारही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो. मला ते खरंच आवडतं. आम्हा डोळ्यांवर पोट असणाऱ्यांना या वाक्याची किंमत कळते.

लग्नानंतरची पहिली दीड वर्षं तुम्ही माझ्याशी मोजून तीन शब्द बोलायचात. “या”, “बसा” आणि “निघालात?” लेकीने तुम्हाला न विचारता लग्न ठरवलं याचा राग होता, आणि तो रास्तच होता. मग एका उन्हाळ्यात तुम्ही गॅलरीत बरणीमागे आमचं वर्तमानपत्र धरून उभ्या होतात. चहातून बघत बघत मान न वळवता म्हणालात, “तिसऱ्या पानावर पुलाच्या उद्घाटनाला आलेल्या चार माणसांची नावं दिली आहेत आणि फोटोत माणसं पाच आहेत. हे कुणाच्या हाताखालून गेलं?”

मी म्हणालो, “माझ्या.”

तुम्ही वळलात. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण तुमच्या चेहऱ्यावर हसू होतं. “बसा,” म्हणालात, आणि त्या दिवशी त्या शब्दाचा सूरच वेगळा होता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बरणी तयार होईपर्यंत माझ्या चुकांचा पंचनामा, हा आपला रिवाज झाला. संपादकांनी कान उपटले तर मला राग येतो. तुम्ही उपटलेत की मी पुढचे आठ दिवस डोळ्यांत तेल घालून वाचतो. माझ्या कामाला एवढा मान दुसऱ्या कुणीच दिलेला नाही. चूक शोधायला आधी अख्खं पान वाचावं लागतं, आणि माझी पानं अख्खी वाचणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. बारा पानं इकडचं तिकडचं झालं.

मे महिन्यात आम्ही आलो होतो. ही आणि नात चपला घ्यायला बाहेर गेल्या होत्या. आपण दोघं गॅलरीत होतो. नऊ वाजता तुम्ही बरणी उन्हात ठेवलीत. सव्वादहाला वर्तमानपत्र मागे धरलंत, मान जरा तिरकी केलीत आणि म्हणालात, “झाला.”

मी तुमच्या खांद्यामागे उभा होतो. आई, मला त्या चहातून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. भाड्याने देणे आहे, हरवले आहे, सगळं. पाण्याला अजून नीट रंगही चढला नव्हता.

तुम्ही पान उघडून पुढे मागे केलंत आणि म्हणालात, “या खेपेला एकही चूक नाही. सुधारलात हो, जावईबापू.”

त्याच पानावर एकच बातमी दोनदा छापली होती. वर एकदा, खाली एकदा. पाणीपुरवठा बंद राहणार, ती. वृत्तसंपादकांनी त्याबद्दल मला दिलेली चिठ्ठी त्या क्षणी माझ्या खिशात होती. ती चूक तुम्हाला सापडेल आणि तुम्ही आठवडाभर माझी सालं काढाल, म्हणून मी घरून तयारी करून आलो होतो. उत्तरं पाठ केली होती.

इतकी वर्षं मी “सुधारलात” या शब्दाची वाट पाहत होतो. तो आला, आणि खरं सांगतो, अर्धा क्षण मला आनंद झाला. त्याची मला अजून लाज वाटते. मग मी म्हणालो, “तुमची कृपा,” आणि त्या फिकट पाण्याचे तीन ग्लास पिऊन वर वाहवा केली. आयुष्यात एवढं खोटं मी कधी प्यायलो नाही.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. साखरेच्या बाटलीला रबर बांधलेलं, म्हणजे हाताला कळावी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पांढरी पट्टी, जी गेल्या वर्षी नव्हती. सुईत दोरा ओवायला नातीला दिलात, “बघू तुझी नजर किती तेज आहे,” असं म्हणून. ती बिचारी खूश झाली. आणि गेल्या उन्हाळ्यातला चहाही आठवला. तोही फिकट होता. तेव्हा मला वाटलं, पत्ती बदलली असेल.

घरी आलो तरी मन मानेना. वाटलं, आपलीच पारख चुकली असेल, पत्तीच हलकी असेल. म्हणून गेल्या रविवारी हा सगळा खटाटोप. बरणी उकळत्या पाण्याने धुतली, पालथी घातली आणि पूर्ण वाळेपर्यंत तिला हात लावला नाही. तुम्ही वापरता तीच पत्ती आणली. सव्वा तासाने कागद मागे धरला, तर बारीक अक्षर लख्ख. दोन तासांनी तसंच. साडेतीन तासांनी अक्षरं विरघळली आणि फक्त मथळा उरला. तुमच्या हातचा, चांगल्या दिवसांतला चहा अगदी तसा लागायचा. ही म्हणाली, “आईसारखा झालाय.” मी ग्लास घेऊन आत गेलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि त्याचं कारण तिला काय सांगणार होतो?

तिला अजून सांगितलेलं नाही. मी घरात खोटं बोलत नाही, फार तर गप्प बसतो. पण आता गप्प बसणंही खोटं बोलल्यासारखंच वाटायला लागलं आहे.

तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. मी तुमच्या जागी असतो तर मीही लपवलं असतं. ज्या डोळ्यांचा साहेबांनी एवढा मान केला, ते आता मान तिरकी केल्याशिवाय मथळासुद्धा वाचत नाहीत, हे कुणाला सांगवेल? त्यात तुम्ही एकट्या राहता आणि कुणी “आता आमच्याकडेच चला” म्हणालं की तुमचं डोकं फिरतं. मी तसं म्हणणार नाही. तुमची गॅलरी, तुमची बरणी, तुमचं घर, सगळं तुमचंच राहू दे.

मी एवढंच केलं आहे. आमच्या कचेरीच्या रस्त्यावर एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. मी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं, चहासुद्धा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या वयात बहुतेक मोतीबिंदू असतो, तो काढता येतो, पण पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही. काही आजार असे असतात की त्यात थांबलं तर गेलेली नजर परत येत नाही. मग म्हणाल्या, “चहाच्या रंगावरून रोग ओळखणारा नातेवाईक मी पहिल्यांदाच पाहते आहे. त्या बाईंना मला भेटायचंय.” गुरुवार, १८ जून, सकाळी अकराची वेळ घेऊन ठेवली आहे. मी रजा टाकली आहे. आदल्या दिवशी येऊन तुम्हाला घेऊन येईन आणि काम झालं की तुमच्या दारापर्यंत सोडीन.

हिला तुम्ही स्वतः सांगावंत असं मला वाटतं. रविवार, १४ तारखेपर्यंत मी तोंड मिटून बसतो. त्यानंतर मात्र मी सांगणार. तुम्ही रागावलात आणि पुन्हा “या, बसा, निघालात?” वर आलात, तरी सांगणार.

फोनवर हे बोलणार होतो. पण तुम्ही “आवाज नीट येत नाही” म्हणून फोन ठेवला असतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि पेनाचं खोटं होतं. तो चुकून आला नाही, मागून आणला. हे पत्र तुम्हाला समोरच्या टाइपिस्टबाईंकडून वाचून घ्यावं लागू नये, एवढ्यासाठी. त्या माउलीच्या कानावर पडलं की तिसऱ्या मिनिटाला अख्ख्या जिन्याला कळेल. एक एक पान खिडकीत धरा, सावकाश वाचा. घाई नाही.

माझ्या चुका काढणारं दुसरं कुणी मला नको आहे, आई.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारा,
न सुधारलेला
जावई


दि. ९ जून

जावईबापू,
अनेक आशीर्वाद.

तुमचा जाड पेन तुमच्याकडेच राहिला, म्हणून मी काजळाच्या पेन्सिलीने लिहिते आहे. हसू नका.

पत्र मीच वाचलं. अडीच दिवस लागले. दहा ते बारा या वेळात खिडकीत, नंतर ऊन सरकतं. टाइपिस्टबाई दोनदा डोकावून गेल्या. मी सांगितलं, जावयाने फलक पाठवलेत.

पान सहा आणि पान अठरा. बरणी धुतल्याची बातमी तीच, शब्द न् शब्द तोच. पालथी घातली, वाळेपर्यंत हात लावला नाही. दोनदा. हे मुद्दाम केलंत की तुमच्या हाताखालून गेलं, ते तुम्ही आलात की मी समोरासमोर विचारीन. उत्तर पाठ करून या.

लेकीला काल फोन केला. आधी रडली, मग माझ्यावर रागावली, मग तुमच्यावर. माझ्यावरचा राग गेला आहे. तुमचं तुम्ही पाहा.

मे महिन्यात तुम्ही तीन ग्लास प्यायलात. मला फिकट लागला होता. तुम्ही वाहवा केलीत तेव्हा वाटलं, चला, जीभही गेली. म्हणजे तुम्ही गप्प बसलात त्याने मला एक दुखणं जास्तीचं झालं. पुन्हा असं करू नका. मला खरं सांगणारं घरात कुणीतरी हवं.

काल चहा घड्याळ लावून साडेतीन तास ठेवला. चांगला झाला. घड्याळाचं तुमचं म्हणणं काही अगदीच टाकाऊ नव्हतं. हे एकदाच लिहिते, परत म्हणणार नाही.

बुधवारी चारपर्यंत या. बरणी गार करून ठेवते. मागे कागद तुम्ही धरा.

ओळी वाकड्या गेल्या असतील. तपासून घ्या.

आई