टॅबवरचं निळं पाणी

६ एप्रिल २०२५, रविवार, सकाळी ६.१०
नळगंगा धरणावर २७ तारखेला शिडाच्या होड्यांची जिल्हास्तरीय शर्यत. पहिल्या दोन होड्या राज्यस्पर्धेला. होडीत दोन किंवा तीन माणसं चालतात. मोताळ्याची टीम: मी (कॅप्टन), मुलगी स्वरदा (बारावीची परीक्षा देऊन रिकामी) आणि धरणावर मासे धरणारा इंद्रभान. कॅप्टन मला कोणी निवडलं नाही, फॉर्म मीच भरला. पंचायत समितीत एकोणीस वर्षं लिपिक आहे, माणसं सांभाळायची सवय आहे. राज्याला मी कॅप्टन म्हणून जाणार. ठरलं.
पोहता येत नाही. कॅप्टनला पोहायचं नसतंच.

८ एप्रिल
टॅब घेतला. त्यात वाऱ्याचं ॲप टाकलं. सौ. म्हणाली, कूलर आणाले सांगतलं होतं, हे काय आणून राह्यले? तिला सांगितलं, यातही वारा आहे. ती अजून बोललेली नाही.

१२ एप्रिल
होड्या आल्या. आमची पांढरी. लीडरशिपचं पहिलं सेशन घरीच घेतलं. बावीस स्लाइड. चौथ्या स्लाइडला इंद्रभान झोपला. स्वरदा विचारत होती, बाबा, पाण्यात कधी उतरायचं? आधी व्हिजन, मग पाणी, असं उत्तर दिलं. उत्तर चांगलं होतं.

१३ एप्रिल
पाण्यात उतरलो. वीस मिनिटं. मळमळलं. पोह्यांत तेल जास्त होतं. उरलेला सराव काठावरून शिट्टी मारून घेतला. होडी एकदाही माझ्या शिट्टीप्रमाणे वळली नाही. वारा उलटा होता, ऐकू गेलं नसेल.

१६ एप्रिल
दोघं रोज पहाटे सराव करतात म्हणे. मला उठवत नाहीत. उद्यापासून पाचला उठणार.

१७ एप्रिल
साडेसात.

१८ एप्रिल
सव्वासात. प्रगती आहे.

२० एप्रिल
इंद्रभानने डोलकाठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. वारा कुठून येऊन राह्यला ते समजते म्हणे. एवढं ॲप असताना! चिंधी सोडून टाकली. स्वरदाने पुन्हा बांधली. टीममध्ये शिस्तीचा प्रश्न गंभीर आहे. यावर तीन स्लाइड वाढवणार.

२४ एप्रिल
शर्यत जिंकल्यात जमा! टॅबवर धरणाचा उपग्रहाचा नकाशा काढला. शर्यतीच्या खुणेसाठी पाण्यावर दोन पिंपं तरंगत ठेवली आहेत. बाकी सगळे मधल्या टेकाडाला वळसा घालून दुसऱ्या पिंपाकडे जाणार. पण टेकाडामागून सरळ निळं पाणी आहे. सहाशे मीटर वाचतात! कोणाच्याच लक्षात आलं नाही. इंद्रभानला दाखवलं. म्हणाला, पाणी मांगं सरकलं ना साहेब, आता तिथं अन्नपूर्णाबाईची टरबुजाची वाडी हाये. स्वरदा म्हणाली की फोटो दसऱ्याच्या वेळचा आहे. मी म्हटलं, धरण काय उठून मलकापूरला जाणार आहे?
नवीन टेक्नॉलॉजीला विरोध होतोच.

२७ एप्रिल, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
पाच होड्या. पहिल्या पिंपाशी आम्ही पहिले होतो, बरेच पुढे. मी टेकाडामागे वळायला सांगितलं. स्वरदा नको म्हणाली. मी विचारलं, कॅप्टन कोण? तिने होडी वळवली. टॅबवर आमचा ठिपका निळ्यातून झकास चालला होता. मग होडी थांबली. ठिपका निळ्यातच होता. आम्ही गाळात होतो, आणि पुढे टरबुजंच टरबुजं. अन्नपूर्णाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, काय हो साहेब, टरबुजं न्याले होडी आनली का?
इंद्रभान म्हणाला, वजन कमी करा लागते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. उतरलो. गुडघाभर चिखल. टॅब डोक्यावर धरून एका हाताने ढकललं. होडी सुटली. मला वाटलं, घ्यायला थांबतील.
थांबले नाहीत. होडी अशी पळाली की तशी महिनाभरात पळाली नव्हती. टेकाडावर चढून पाहिलं. एकेक होडी मागे पडत गेली. मी चिखलाने माखून ओरडत होतो, चल स्वरदा, चल! घसा बसला. दुसरा नंबर! अन्नपूर्णाबाईंनी टरबूज कापून दिलं. इतकं गोड टरबूज या वर्षी खाल्लं नव्हतं.

२९ एप्रिल
योग्य वेळी बाजूला होणं हीच खरी लीडरशिप. ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितलं. राजकुमार शिपायाने विचारलं, तुम्ही उतरले का तुम्हाले उतरवलं? असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. राज्याच्या तयारीसाठी कॅप्टन लिहिलेली टोपी शिवायला टाकली.

२ मे, शुक्रवार
राज्यस्पर्धेचा फॉर्म आला. स्वरदाने भरून आणला. कॅप्टन: स्वरदा. सोबत: इंद्रभान. तिसरी जागा रिकामी. होडी हलकी राहते म्हणे.
मी चहा अर्धवट ठेवून उठलो होतो. मग ती म्हणाली की बाबा, तुमची सही तर लागतेच, तिच्याशिवाय आम्हाले जाताच येत नाही. मन भरून आलं. पेन काढलं, चष्मा लावला, विचारलं, कुठे करू?
अगदी खाली, म्हणाली. अठरा पूर्ण नसल्यास पालकाची.
केली. दोन्ही प्रतींवर.