गोड लघवी — मधुमेह पाहा

बाबा, आज मला तुमचा फार राग आलाय. इतक्या वर्षांनी, इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, एका फाटलेल्या कार्डावरून.

ते कार्ड तुम्हाला आठवत असेल. मी चौथीत होते. तालुक्याच्या वाचनालयात तुम्ही शिपाई, आणि शाळा सुटली की मी तिथेच बसायचे. ग्रंथपाल साहेबांच्या पुस्तकसूचीच्या खणांतली मला सगळ्यात आवडायची ती ‘पाहा’ची कार्डं. ‘राजयक्ष्मा’ काढलं की कार्ड सांगायचं, ‘क्षयरोग पाहा’. चुकीच्या दारावर आलेल्याला बरोबर दार दाखवायचं. पण लोक येऊन तुम्हाला विचारायचे, “गोड लघवीवर काही पुस्तक आहे का हो?” आणि तुम्ही फडकं खांद्यावर टाकून त्यांना थेट त्या कपाटापाशी नेऊन उभं करायचात. म्हणून मी एका कोऱ्या कार्डावर ‘गोड लघवी — मधुमेह पाहा’ असं लिहिलं आणि ‘ग’च्या खणात लावून टाकलं. साहेबांना ते सापडलं. “हे वाचनालय आहे की मुतारीची भिंत?” सगळे हसले. तुम्हीही हसलात, बाबा. “चुकलं साहेब, पोरगी लहान आहे,” म्हणत माझ्यासमोर ते फाडलंत. संध्याकाळी आई भाकरी थापत होती, तिच्यादेखत मला बजावलंत, “आपण पुस्तकं पुसायची. नावं ठेवायची नाहीत.” दुसऱ्या दिवशी मात्र कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा आणून दिलात, अभ्यासाला. त्यावर शिकत मी घरातली पहिली पदवीधर झाले. तोवर तुम्ही नव्हतात. कुठला माणूस कुठल्या शब्दाने काय शोधतो, हे सगळं तुमच्याबरोबर गेलं. एक ओळ लिहून ठेवली नाहीत.

आता मी इथल्या ग्रंथालयात वेबसाइट्सचा कॅटलॉग करते. पुस्तकाला द्यावी तशी प्रत्येक वेबपानाला विषयाची शीर्षकं द्यायची, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडतं. मराठीतली आरोग्याची पानं माझ्याकडे आहेत. मधुमेहात पायाची काळजी कशी घ्यावी, याचं एक फार चांगलं पान मी डिसेंबरात नोंदवलं आणि त्याला ‘शुगर’ हा शब्दही जोडला. मराठी तपासायला एक निवृत्त डॉक्टर काका येतात. “अगं, शुगर हे काय मराठी आहे? लोकांना प्रमाण शब्द कळायला नकोत? कॅन्सल कर ते.” मी म्हणाले, “चुकलं काका.” आणि स्वतःच्या हाताने शब्द काढला.

इथे आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू काल काठी टेकत माझ्या टेबलापाशी आल्या. “तू मराठी ना गं? जानेवारीत इथे बसून किती शोधलं मी! शुगर टाकलं, तर तुमच्या मशीननं केकच्या रेसिप्या दाखवल्या. म्हटलं, बाई गं, तीच तर नडलीय!” त्या हसत होत्या. डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. नुसत्या एका पानाने तो वाचला असता का, मला माहीत नाही. पण पान तिथे होतं, बाबा, आणि त्याच्याकडे नेणारं कार्ड मी फाडलं होतं.

काकांचा राग येतो, तुमच्या साहेबांचा येतो, पण तुमचा जास्त. लोकांचे शब्द त्या दोघांना ठाऊक नव्हते. तुम्हाला ठाऊक होते, तरी तुम्ही हसलात. ‘चुकलं’ म्हणायला मला तुम्हीच शिकवलंत.

आज सकाळी कुणालाही न विचारता मी ‘शुगर’ परत घातलं. ‘साखरेचा आजार’ घातलं, ‘गोड लघवी’सुद्धा. तिन्हींपुढे ‘मधुमेह पाहा’. मग शेवटचा रकाना आला: नोंद कुणी केली. उद्या काका ते उघडणार.

तुमच्या गठ्ठ्यातली शेवटची चार कार्डं हे लिहिण्यात संपली. ती पाठवायची कुठेच नाहीत, म्हणून सांगते. तो रकाना मी कोरा सोडला. नाव ठेवलं नाही.