मुंजाबाची बायको

१२ जून २०२३

पुन्हा तेच! दार उघडलं, मुंजाबा आत आला, पाय बादलीत, धपकन पडला — "व्हय तर व्हय, नाय तर नाय!" — आणि मागून तो डब्यातला हशा. माझा नवरा बद्री मुंजाबा बनून सोमवार ते गुरुवार, नऊच्या ठोक्याला, घराघरांत बादलीत पाय घालतो. सहावं पर्व चालू आहे सीरियलचं. पहिल्या पर्वात बादली नव्हती.

पहिल्या पर्वात मुंजाबा म्हणजे सोयगावकडून ठाण्याला वॉचमनकी करायला आलेला साधा माणूस. बहिणीचं लग्न डोक्यावर. नोकरी गेली तेव्हा खरंच गेली. दोन आठवडे सोसायटीच्या बाकावर बसून होता, आणि तरी आम्ही पोट धरून हसत होतो, कारण आत काळजी होती ना त्याची! आता नोकरी एका ब्रेकला जाते, दुसऱ्या ब्रेकला परत येते. बहिणीला तर लेखक विसरूनच गेले. लग्न झालं का नाही तिचं, देव जाणे.

सासूबाई खूश. "माझं लेकरू दिसलं, बास." त्यांचं बरं आहे. मला नुसतं दिसून भागत नाही.

१५ जून

बद्रीला फोनवर म्हटलं, मुंजाबाला काहीतरी हवं असू दे की रे. तर म्हणतो, "सुगे, भाग कुठूनबी लावला तरी कळाया पायजे. कुणाचं काय बदलायचं नाय. चॅनेलचा नियमच हाय तसा."

माझ्याशीसुद्धा मुंजाबाच्या आवाजात! आपल्याकडं इतकं ताणून कोण बोलतं? पहिल्या वर्षी ती बोली होती, आता नुसत्या गुदगुल्या आहेत. मला बद्रीचा आवाज पाहिजे होता. तो हळू बोलायचा. कान द्यावा लागायचा त्याला.

१९ जून

सात दिवसांनी नळाला पाणी आलं, तेही बरोबर नऊला. ड्रम भरता भरता भाग हुकला. हायसं वाटलं. मग रडू आलं. काय बाई आहे मी!

२२ जून

मुंजाबाची बायको कधीच दिसली नाही. गावाकडून नुसता तिचा फोन येतो. पहिल्या पर्वात तो फोन कानाला लावून म्हणायचा, "जेवलीस का?" — आणि थांबायचा. पलीकडं कुणी नाही, हातात नकली फोन, तरी ऐकू यायचं त्याला. मी इथं टीव्ही सेंटर वस्तीतल्या आमच्या घरात ताट पुढं घेऊन बसलेली, आणि घास उतरायचा नाही. तेव्हा बद्री मला म्हणायचा, "तुलाच ऐकत असतो गं."

आता फोन वाजला की कुत्रं भुंकल्याचा आवाज, आणि मुंजाबा टेबलाखाली. बायको म्हणजे कजाग. शाळेतली सारजा हसून विचारते, "काय मुंजाबाची बायको, घरात लई दरारा दिसतो तुमचा!" मीपण हसते. काय करणार!

२८ जून

टीआरपी उतरला म्हणे. म्हणून लेखकांनी शक्कल काढली — मुंजाबाची बायको खरोखरीची आणायची! बद्रीनं सांगितलं. उत्साहात होता.

मी थांबले. वाटलं, पुढचं वाक्य येईल. "नवी नटी शोधतायत" एवढं बोलला आणि आईच्या गुडघ्याचं विचारलं.

इथं लिहायला काय लाज! मला जायचंय. मला विचारावं त्यानं. नाट्यशास्त्र विभागात आम्ही एकत्र होतो, स्पर्धेत पहिलं बक्षीस मला मिळालं होतं, त्याला नाही. पुढं सासऱ्यांना झटका आला, घरात एक तरी पगार पक्का पाहिजे म्हणून मी शाळेत चिकटले. तेव्हा कुणी जबरदस्ती केली नाही. पण भूक मेली असं कुठं आहे? दरवर्षी गॅदरिंगला पोरांची नाटकं बसवते आणि विंगेत उभी राहून त्यांचे सगळे संवाद ओठांत म्हणते.

त्याच्यासमोर उभं राहायचंय मला. एकदा. दिव्यांत.

१ जुलै

सासूबाई झोपल्यावर दुपारी हिरवं लुगडं नेसून बघितलं. मुंजाबाची बायको कशी येईल? ओरडत नाही येणार. पिशवी खाली ठेवेल, आधी त्याच्याकडं बघेल — इतक्या वर्षांनी बघतेय ना! त्याचं पोट सुटलंय, केस गेलेत. मग म्हणेल, "बारीक झालात." लोक हसतील. आणि हसता हसता त्यांना कळेल, ही खोटं बोलतेय आणि का बोलतेय.

रात्री फोन आला नाही. शूटिंग लांबलं असेल.

५ जुलै

पुण्याची कुणीतरी पोरगी घेतली. अठ्ठावीसची.

१७ जुलै

आली एकदाची बायको! हातात लाटणं. "म्या आलं" म्हणते — बाई गं, 'म्या आले' तरी म्हण! तिनं लाटणं उगारलं, मुंजाबा पळाला, बादली, धपकन.

पण शेवटी एकच क्षण. ती दमून बसली आणि तो म्हणाला, "जेवलीस का?" हळू. पूर्वीसारखा. थांबलासुद्धा. बद्रीच होता तो, शंभर टक्के! अजून आहे त्याच्यात सगळं. मला वाटलं होतं, संपलं असेल. आहे, पण दुसरीला दिलं.

मी उठून गॅस पुसत बसले. पुसलेलाच होता.

३१ जुलै

बद्री दोन दिवसांसाठी आला. गल्ली लोटली. उंबऱ्यात मुद्दाम अडखळला, पोरं टाळ्या पिटत होती. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी धपाटे केले होते, तो फोटो काढत राहिला, गार झाले.

जेवताना विचारलंच. "मला का नाही विचारलंस?"

घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "तुझी शाळा, आईचं दुखणं... आन् तू लई वरच्या दर्जाची नटी हाईस, सुगे. लाटणं घ्यून नाचायचं ते. तुला नसतं शोभलं."

लई वरच्या दर्जाची! मी एवढ्यावर विरघळले. आणखी एक धपाटा वाढला. रात्री माझा हात धरून झोपला. सकाळी सगळं जागच्या जागी — तो मुंबईला, मी शाळेला. आमच्या घराचा भागसुद्धा कुठूनही लावला तरी कळेल.

बसमध्ये चढताना मागं वळून बघितलं त्यानं. मला तेवढ्यानंही बरं वाटतं. चीड येते स्वतःची, पण वाटतं.

८ ऑगस्ट

पुण्याच्या पोरीला मोठी सीरियल मिळाली, ती चालली म्हणे. बद्री फोनवर वैतागला होता. मी सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं. एकदा त्याचं नाही म्हणून झालंय, पुन्हा कशाला तोंड वेंगाडायचं?

११ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत अनोळखी नंबर. सीरियलच्या ऑफिसातली मुलगी. घाबरत बोलत होती. "मॅडम, बद्रीसरांना कळू देऊ नका, मी परस्पर फोन केलाय. डायरेक्टर सरांनी तुमचं जुनं नाटक बघितलंय. मुंजाबाच्या बायकोसाठी त्यांना पहिल्या पर्वापासून तुम्हीच हव्या होता. आम्ही दरवर्षी विचारतो. दरवर्षी बद्रीसर येऊन सांगतात, ती नको म्हणते. म्हणून तर बायको फोनवरच राहिली. म्हटलं, एकदा तुमच्याच तोंडून ऐकावं. का नको म्हणता, मॅडम?"

घंटा झाली. पोरं वर्गात शिरली. मी म्हटलं, "मला कुणी विचारलंच नव्हतं."



सोमवारी बोलावलंय. शाळेत रजा टाकली. सासूबाईंना सांगितलं. बद्रीला नाही.