भागरतामाय कोणाची?

प्रिय ताई,

काल अड्याळला तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. किती लोक आले होते म्हणून सांगू! पवनीहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून तुझ्या व्यंगचित्राचं कात्रण काढलं आणि माईकसमोर ढसाढसा रडले. मी तुझी सख्खी बहीण, पहिल्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी बसले होते. मी जळत होते, ताई. मेलेल्या बहिणीवर जळते, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

ते कात्रण भागरतामायचं होतं. दर रविवारी नागपूरच्या पेपरात येणारी तुझी म्हातारी. कमरेवर हात, डोक्यावर पदर, समोर कोणीही साहेब असो, तोंडावर बोलणारी. लोक विचारायचे, "एवढं सुचतं कुठून हो तुम्हाला?" तू नुसती हसायचीस. कुठून सुचायचं गं?

आठवतं? आपला जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा तू भंडाऱ्याला शाळेत शिकवायचीस. सुटीत माझ्या सासरी आली होतीस. मी चुलीपुढे भाकर थापता थापता म्हटलं, "साहेब दुप्पट झाले बाप्पा, पण नळाले पाणी तेवढंच!" तू पोट धरून हसलीस. पुढच्या महिन्यात तेच वाक्य पेपरात! भागरतामायचा जन्म तो. बोलणं माझं, आणि नाक मात्र तू तुझं दिलंस तिला!

शाळेत चित्रकला कोणाची चांगली होती? बाईंनी कोणाचा मोर भिंतीवर लावला होता? माझा. पण तू मोठी, म्हणून तुला डी.एड.ला पाठवलं आणि माझं लग्न लावलं. त्यात तुझा काय दोष, हे कळतं मला. कळलं म्हणून हेवा थोडाच जातो?

मग आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जायची पाळी आली. मोजणीवाले अंगणात आले. घर मोजलं, विहीर मोजली, कडुनिंबाचं झाड लिहून घेतलं. मी रडत रडत म्हटलं, "साहेब, झाड मोजलं, त्याची सावली कधी मोजता?" तू माझ्या शेजारी उभी होतीस. तुझा हात माझ्या पाठीवर होता. मला वाटलं, बहीण आपल्यासाठी आली.

रविवारी पेपरात भागरतामाय तेच म्हणाली. कमरेवर हात ठेवून, हसत! सगळा जिल्हा हसला. धरणग्रस्तांच्या मोर्च्यात लोकांनी ते वाक्य फलकांवर लिहिलं. मी त्याच मोर्च्यात चालत होते आणि शेजारची बाई मला म्हणाली, "काय डोकं आहे वं तुह्या बहिणीचं!"

त्याच संध्याकाळी मी तुझ्या दारात आले.

"ते मी रडून म्हटलं होतं, ताई. तू तिले हसवलं काहून?"

"रडताना काढलं असतं तर कोणी वाचलं असतं का, विमल?"

"घर माह्यं गेलं. नाव तुह्यं झालं."

तू उठून आत गेलीस. चहा ठेवलास. मी तो न पिताच निघाले, आणि कितीतरी महिने तुझा फोन उचलला नाही.

तुला लकवा झाला, उजवा हात गेला, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तू पलंगावर पडून माझ्या बोटांकडे बघत होतीस. "तुह्या हातानं निघते का भागरतामाय, पाहा," म्हणालीस. मी पेन घेतला. निघाली! पुढे तू गेलीस तोवर सगळी चित्रं मीच काढली. खाली सही तुझी.

आणि वाचकांनी काय कळवावं? "आजारपणातही ताईंचा हात किती मोकळा झालाय!" तू ते मोठ्यानं वाचलंस आणि खोकला येईपर्यंत हसलीस. मला हसू आलं नाही. तेव्हा तू माझ्यासमोर संपादकांना फोन लावलास, "ही चित्रं माझी बहीण काढते, तिचं नाव टाका." ते म्हणाले, वाचकांना तुमच्या नावाची सवय आहे. आणि तू "बरं" म्हणालीस! अगं, साहेबांशी भांडणारी म्हातारी काढलीस जन्मभर, आणि माझ्यासाठी दोन वाक्यं भांडता आलं नाही तुला?

आज सकाळी त्या संपादकांचा फोन आला. भागरतामाय चालू ठेवाल का, शैली ताईंचीच ठेवा, म्हणाले. मी म्हटलं, "काढते. पण नाव माह्यं पाह्यजे." ते घुटमळले. मी फोन धरून बसले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, विमलताई."

विमलताई! ऐकायला तू हवी होतीस.

तेव्हा वचन देते, भागरतामाय बंद पडणार नाही. पण माझी भागरतामाय रडेलसुद्धा. पहिलं चित्र आत्ताच काढून झालं. नव्या वस्तीतल्या सिमेंटच्या ओट्यावर ती बसली आहे. शेजारीण विचारते, "काहून रडून राहिली माय?" ती म्हणते, "बहीण गेली वं. आता भांडू कोणासंग?"

हे वाक्य माझं आहे, ताई. हे मी तुला देणार नाही.

जय भीम.

तुझी,
विमल