झाकलेलं नाव

प्रिय अक्का,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघा बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझ्या डोळ्यांत हल्ली थेंब कोण घालतं?

आता भांडण ऐक. आपली नात रविवारी दुपारी एका रिकाम्या गोदामात तबकड्या वाजवते. तीस वर्षांपूर्वीचं नाचाचं संगीत, ड्रमचे ठोके कापून, पुन्हा जोडून सुसाट पळवलेलं. विसरलेलं ते ती आणि तिच्यासारखी मुलं जागं करतात, म्हणून मी हरखलो होतो. लयही कशी, आपण एका श्वासात कविता म्हणायचो तशी!

पण बाईसाहेब तबकडीवरच्या नावावर कागद चिकटवतात! का, तर दुसऱ्या वाजवणाऱ्यांना कळू नये. "आजोबा, ही शोधायला माझं वर्ष गेलंय," म्हणते. अगं, आणि ज्याने रचलं त्याचं काहीच गेलं नाही?

कवीचं नाव सांगायचं राहिलं की तू मला कविता पहिल्यापासून म्हणायला लावायचीस, आठवतं? म्हणून गेल्या रविवारी मी सरळ माईक घेतला आणि कागद लागण्याआधी वाचलेलं नाव खणखणीत सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हिने कपाळावर हात मारला. "झालं! आता सगळे हेच वाजवणार."

वाजवू देत की!

तेव्हापासून अबोला. चहा देते, पण कप आपटून. येत्या रविवारी मला नेणार नाही म्हणे. घर अगदी खायला उठतं गं. तू तिला फोन कर. माझ्या वतीने माफी मात्र मागू नकोस. आजोबा कोपऱ्यात तोंड मिटून बसतील, एवढंच सांग.

नव्या तबकडीवरचं नाव मी कालच पाठ केलंय, हे सांगू नकोस.

तुझा, अजूनही धाकटाच,
भाऊ