आमच्या घरातलं ‘छान’

शुक्रवार, ६ मार्च

वाईट आहे.

लिहून टाकलं, आता जरा बरं वाटतंय. शिट्टीचं, आईच्या जुन्या विद्यार्थिनीचं, नवं गाणं आज सकाळी आलं आणि मी ते अकरा वेळा ऐकलं. बसमध्ये, ऑफिसच्या जिन्यात, जेवताना. एकदा तर हेडफोन उलटे घालून — माझ्याच एका कानात दोष असेल तर कळावं म्हणून! दोष कानात नाही. गाण्यात आहे.

‘ये ना’ सोळा वेळा. मोजलं. सोळाच्या सोळा हुबेहूब सारखे, एकदा गाऊन पंधरा वेळा चिकटवलेले. मधले श्वास कापून टाकलेत. तिच्या आवाजाला जो थोडा खरखरीत काठ आहे, ज्याच्यावर लोक जीव टाकतात, तो घासून घासून गुळगुळीत केलाय. नव्या बेसिनसारखा.

फक्त मध्ये चार ओळी आहेत. वाद्यं थांबतात आणि ती एकटी उरते. तिथे माझा चमचा ताटात तसाच राहिला. जेमतेम वीस सेकंद. मग पुन्हा बेसिन.

तिचं पहिल्यापासून हे असंच. एका गाण्यात जीव ओतते, पुढच्यात नुसती हजेरी लावून जाते. पण आजवर हजेरीसुद्धा तिच्याच आवाजात असायची.

रविवार, ८ मार्च

घरी गेले होते. आई पुढच्या खोलीत एका नव्या मुलीला शिकवत होती — पियानोच्या झाकणावर तळहात ठेवून, डोळे मिटून. हल्ली अशीच ऐकते. दमत असावी. मध्येच बेल दोनदा वाजली तरी जागची हलली नाही. दार मीच उघडलं.

त्या पियानोखाली माझी पहिली शाळा. नऊ वर्षांची होईपर्यंत दुसरी शाळा मी पाहिलीच नाही. अक्षरं, पाढे, नकाशे, सगळं आईकडून, शिकवण्यांच्या मधल्या वेळात. आणि ऐकणं. त्याचा एकच नियम: “ऐकलेलं सांगायचं. न ऐकलेलं सांगायचं नाही.”

तिच्याकडे शेरेही दोनच. ‘परत’ — म्हणजे यात काहीतरी आहे, पुन्हा म्हण. आणि ‘छान’ — म्हणजे झालं, बूट घाल, घरी जा. बाहेरच्यांना हे कळत नाही. एका मुलीच्या वडिलांनी तर ‘छान’ ऐकून आईला फुलं आणून दिली होती!

शिट्टी पहिल्याच दिवशी शिट्टी वाजवत जिना चढली, म्हणून शिट्टी. सात वर्षं येत होती. तिला ‘छान’ एकदाच मिळालं, सोळाव्या वर्षी. जिन्यात बसून रडली. मी नऊ वर्षांची — काय करावं सुचेना, तिला माझं खोडरबर देऊन टाकलं. मला ‘छान’ मिळालं अकराव्या वर्षी. त्यानंतर मी गायलेच नाही. नुसती ऐकत आले.

दुपारी आई मटार सोलत बसली होती. मी फोन टेबलावर ठेवून गाणं लावलं. तिने मान वर केली नाही.

“कसं वाटलं?”

“मला काय विचारतेस? नोकरी तुझी. तूच सांग, कसं झालंय?”

“छान आहे.”

तोंडातून निघूनच गेलं! आईचे हात थांबले.

“अरेरे,” आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने: “मग तसंच लिही. हे ज्याने केलंय, पुढची आठ गाणीही त्याच माणसाकडे करायची म्हणत होती शिट्टी. कुणीतरी वेळेवर सांगायला हवं तिला.”

सोमवार, ९ मार्च

आमच्या पेपरच्या पुरवणीत दर शनिवारी एका नव्या गाण्यावर मी तीनशे शब्द लिहिते. या आठवड्यात हेच गाणं. उपसंपादकांकडे गेले. सगळे त्यांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे; मला वाटतं आवडतंही.

“सर, ही आईची विद्यार्थिनी. आमच्या घरातली म्हटली तरी चालेल. मी लिहिणं बरोबर नाही.”

“मग चांगलं लिहा.”

“चांगलं नाहीये गाणं.”

“मग वाईट लिहा. अडचण काय आहे?”

निदान तळाशी एक ओळ छापा म्हटलं — लेखिकेचा गायिकेशी घरोब्याचा परिचय आहे. “परीक्षण आहे की लग्नपत्रिका?” म्हणाले. “बुधवारी द्या. तीनशे. तीनशे दहा नाही.”

मंगळवार, १० मार्च

पाच मसुदे. पहिल्यात मी दुष्ट, दुसऱ्यात भित्री, तिसऱ्यात दोन्ही. ‘बेसिन’ काढलं, घातलं, काढलं, घातलं. तिला लागेल म्हणून काढते आहे की मलाच त्या शब्दाची मजा वाटते म्हणून घालते आहे? दोन्ही कारणं वाईट.

बुधवार, ११ मार्च

दिलं. दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द. पहिल्या परिच्छेदात तिचा आवाज काय आहे ते. दुसऱ्यात गाण्याने त्याचं काय केलं ते, बेसिनसकट. शेवटी त्या चार ओळी, आणि त्यांच्यानंतर एकच शब्द: परत.

ते एकट्या तिलाच कळेल. चोरी केल्यासारखं वाटतंय — वाचकांच्या जागेतला एक शब्द मी एका माणसासाठी वापरला.

शनिवार, १४ मार्च

देवा!

दुसरा परिच्छेदच नाही. तिथे गादीची जाहिरात. ‘परत’ नाही. मथळा, दोन बोटं उंच अक्षरांत: ‘छान!’

कात्रींना फोन केला. “जाहिरात ऐन वेळी आली. उरलं त्यात सगळं कौतुकच होतं, मग मथळा तसा दिला. आणि शेवटी ते ‘परत’ काय होतं? कोण परत? मला वाटलं टाइप करताना चुकलात. तुमची चूक झाकली मी.”

झाकली!

रविवार, १५ मार्च

शिट्टीच्या कंपनीने मथळ्याचं पोस्टर केलंय. तिचा चेहरा आणि वर माझ्या नावानिशी ‘छान!’ शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, “बरं झालं, आपल्या माणसाचं तोंडभर कौतुक केलंस.”

सगळं शहर ते कौतुक म्हणून वाचतंय आणि एकच मुलगी थोबाडीत बसल्यासारखं वाचत असेल. आणि मी खुलासा तरी काय करू? ‘छान’ मी लिहिलं नाही, हे खरं. पण आमच्या अर्थाने तेच माझं मत आहे, हेही खरं. नाकारलं तर खोटं. गप्प बसले तर जास्त खोटं.

तिला निरोप सहा वेळा टाइप केला. सहा वेळा पुसला.

मंगळवार, १७ मार्च

संध्याकाळी घरी गेले तर शिट्टी जिन्यात बसलेली. टोपी डोळ्यांवर. वर गेली नव्हती.

“या, उंदीरबाई.” पियानोखाली बसायचे म्हणून मी उंदीर. “छान काय? सरळ मथळ्यात? एक फोन करून शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं.”

सगळं सांगितलं. गादी, कात्री, ‘परत’. मूळ लेख फोनवर होता, तो दिला. तिने दोनदा वाचला.

“सोळा ‘ये ना’ मोजलेस तू?”

“मोजले.”

“एकदाच गायले होते. स्टुडिओतले म्हणाले, बाकीचं मशीन करेल.” मग जरा हसली. “बेसिन! मेले, तुझी जीभ...” आणि हसता हसता थांबली. “पण मग बाई ‘परत’ का म्हणाल्या?”

“कधी?”

“जानेवारीत. गाणं बाहेर काढायच्या आधी आणलं होतं ऐकवायला. मलाच धड खात्री नव्हती. बाई तीनदा म्हणाल्या, परत, परत, परत. सात वर्षांत मला एका दमात तीन मिळाले नव्हते! खाली उतरले आणि याच पायरीवरून कंपनीला हो कळवलं.”

त्या रविवारी मटार सोलताना आईने मला असं विचारलं होतं, जणू गाणं तिच्या कानावरून गेलंच नव्हतं.

“शुक्रवारी आठ गाण्यांच्या करारावर सही आहे माझी,” शिट्टी उठत म्हणाली. “तू म्हणतेस बेसिन, बाई म्हणतात परत. बाईंपेक्षा तुझा कान मोठा झाला का गं?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

वर गेले. आईशी बोलले नाही. आई खोटं बोलते, ही कल्पनाच मला करता येत नाही.

बुधवार, १८ मार्च

विचारलं. दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तिच्या उजव्या बाजूला उभं राहून.

“हो, म्हटलं परत,” आई म्हणाली. “ऐकूच आलं नव्हतं गं मला. न ऐकलेल्याचं काय सांगणार? तिसऱ्यांदाही नाही आलं. मग ती इतकी खूश होऊन गेली, की...”

शिट्टीला फोन करून सांगितलं. “सही नाही करत,” म्हणाली, आणि मग, “बाईंना सांभाळ.”

आईने मला पियानोपाशी ओढून उजव्या कानाशी घेतलं. “त्या चार ओळी कशा आहेत? तू म्हण.”

म्हटल्या. अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा.

“परत,” आई म्हणाली.

कुठल्या अर्थाने, विचारलं नाही. परत म्हटल्या.