जुमेरातीचं पाखरू

अजमान, ३ मार्च १९६४
सुखरूप पोचलो. शहनाझने बंदरावरच गळ्यात पडून रडून घेतलं. जावई शौकत म्हणाला, अब्बा, मुलगी तुमचीच आहे, पण यल्ला, चला आता, ऊन वाढतंय. त्याची लाकडाची वखार घराला लागूनच. तिथे बर्फाच्या मुलखातून आलेले लार्च झाडांचे ओंडके रचलेत, सालीसकट. जन्मभर शाळेत बर्फातल्या झाडांच्या कविता शिकवल्या. झाड मात्र आज पाहिलं, तेही आडवं. साल हुंगली. राळेचा गोडसर वास.

५ मार्च, जुमेरात
माझी बायको हव्वाबी गेल्यानंतरचा हा माझा पहिलाच परदेशप्रवास. गेलेली माणसं जुमेरातीच्या, म्हणजे गुरुवारच्या, संध्याकाळी पाखराच्या रूपाने घरी येतात, म्हणून आमच्यात त्या दिवशी पाखरू मारत नाहीत. ऊद जाळून तिच्या नावाने फातिहा दिली, आणि एक करडा, लवदार पतंग शहनाझच्या वेणीवर येऊन बसला. आई आली, म्हणाली पोरगी. मला कितीतरी दिवसांनी कवितेच्या दोन ओळी सुचल्या.

१२ मार्च, जुमेरात
आज पुष्कळ आले. ओंडक्यांच्या सालीतून निघतात म्हणे. शौकत धुरी देऊन खलास करणार होता. सासूला धुरी देतोस का, म्हणून मी अडवलं. तो हसला, सासू एकच होती, अब्बा, ही तर अख्खी वरात आहे! बोटीवरच्या खलाशाने त्याला सांगितलंय, ह्यांच्या अळ्या लार्चची सुईसारखी पानंच खातात, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. इथे तर नुसती वाळू. आपोआप मरतील, मी म्हटलं.

३० मार्च
मेल्या नाहीत. शहनाझच्या उशीवर बोटाएवढ्या अळ्या. पतंग अजून येतातच. आज सोमवार. हव्वाबी सोमवारी कशी येईल?
पोरीचे केस विरळ झालेत. अंगाला राळेचा वास.

१ एप्रिल
केस विंचरताना कंगवा अडला. मुळाशी नवे फुटलेत — हिरवे, सुईसारखे ताठ. मीच शौकतला म्हटलं, जाळ ते ओंडके. जाळले त्याने. वखारीत एकही अळी नव्हती. सगळ्या इथे, तिच्या —

३ एप्रिल
बोलत नाही. ओठांवर साल. डोळ्यांनी पाणी मागते. पाजलं. अळ्या निवडतो, पुन्हा —

४ एप्रिल
शौकत रॉकेल घेऊन आला. शहनाझ कुठे, असं मलाच विचारतो. खाटेवर हे झाड कुणी आणून टाकलं, म्हणतो. काडेपेटी आणायला गेलाय. मी दाराला पाठ लावून हे — ती माझ्याकडे बघतेय. त्याला दिसत कसं नाही — पावलं — शौकत, अरे, ती —